चूलबंद आवतन

मालिकेची निर्माती नेमकं काय करते, हे मी आईला किती वेळा समजावून सांगितलं असेल. "ॲक्टिंग तू करीत न्हाईस, लिहीत न्हाईस, क्यामेरा धरीत न्हाईस. मग करतीस तरी काय माय?" हा तिचा प्रश्न काही संपत नव्हता. आमच्या पेडगावातल्या बायका तिला विचारायच्या, तुमची पोरगी टीव्हीत कवा दिसती? आई विषय बदलायची. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

मग मालिकेतलं लग्न मी पेडगावातच शूट करायचं ठरवलं. वाहिनीच्या साहेबांना ते पसंत नव्हतं. "एक दिवस देतो. जमलं नाही तर गावाचे सगळे सीन मुंबईत, सेटवर," असं त्यांनी बजावलं. थर्माकोलच्या गावाच्या नुसत्या कल्पनेनं माझं डोकं फिरायचं.

पंगतीच्या सीनला शंभरेक माणसं हवी होती. आमच्या मुंबईच्या व्यवस्थापकानं गावात आवतन सांगत फिरणाऱ्या काकांना गाठलं. "उद्या लग्नाचं शूटिंग आहे, सगळ्यांना बोलवा. जेवण आमच्याकडेच." लग्न आणि जेवण एवढंच काकांनी ऐकलं आणि घरोघर चूलबंद आवतन देऊन मोकळे झाले. चूलबंद म्हणजे घरातल्या एकानंही मागं राहायचं नाही, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही.

सकाळी बघते तर अख्खं गाव लोटलेलं. म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवरची लेकरं, फेटे बांधलेले गडी. काहींच्या हातात तर आहेर. आमचा स्वयंपाकी शंभर माणसांचं वरण ढवळत होता. व्यवस्थापक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "निम्म्यांना परत पाठवू." मी उसळलेच त्याच्यावर. चूलबंद देऊन माणसं उपाशी परत पाठवली असती, तर आईला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि सगळ्यांना जेवू घालत बसलो तर दिवस हातचा जात होता.

मी आईकडे धावले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "पीठ मळायला बाया लागतेत, त्या आल्यातच की," म्हणाली. बघता बघता मांडवामागं चुली पेटल्या. कुणी वांगी आणली, कुणी तेलाचा डबा. मी दिग्दर्शकाला म्हटलं, "सीनमध्ये स्वयंपाक नव्हता ना? आता आहे. कॅमेरा तिकडं लाव." मग मी नुसती पळत होते. जनरेटरचं डिझेल, पाण्याचा टँकर, रुसलेला नवरदेव, वाहिनीचे फोन. खऱ्या पंगती उठत होत्या आणि कॅमेरा चालूच होता. एका म्हातारीनं नवरी झालेल्या नटीची खणानं ओटी भरली, "नीट नांद माय," म्हणत तिच्या तोंडावरून हात फिरवला. नटी खरोखर रडली. मीही.

संध्याकाळी साहेबांना चित्रीकरण पाठवलं. "पुढचे भाग तिथंच करा," एवढंच उत्तर आलं. ते सांगायला मी आईकडे गेले, तर ती शेवटच्या पंगतीला वाढत होती. पानावर बसलेल्या एका बाईनं तिला विचारलं, "तुमची पोरगी दिवसभर कुठं दिसली न्हाई वो शूटिंगमधी?"

आई वाढता वाढता म्हणाली, "लग्नघरातली माय कवा फोटूत दिसती का बाई? ती मांडवामागंच पळत असती."