अण्णांचा स्टॉप

मित्रांनो, वडिलांचं तेरावं उरकून आज पहिल्यांदा कामावर गेलो.

अण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून रोज पहाटे कासारवाडीत कंपनीच्या बसस्टॉपवर शिट्टी घेऊन उभे राहायचे. रांग लावायचे, फर्स्ट शिफ्टच्या बायकांना आधी चढवायचे. कुणी सांगितलं नव्हतं.

मला लाज वाटायची. पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जाऊन तिथून चढायचो. घरी सांगायचो, तिकडं गर्दी कमी असते.

आज मात्र अण्णांच्या स्टॉपवर गेलो. शिट्टी नव्हती, तरी रांग सरळ होती. बसमध्ये चढलो, तशी ड्रायव्हरने रोजच्यासारखी खिडकीच्या सीटवरची आपली पिशवी उचलली. मला इतके दिवस वाटायचं, याचं माझ्याशी जमतं.

तो म्हणाला, "बसा भाऊ. अण्णा रोज बजावायचे, 'पुढच्या स्टॉपला माझा पोरगा चढेल. दिवसभर मशीनवर उभा असतो, त्याला खिडकी ठेव.'"

चार वर्षं मी त्या सीटवर बसलो, राव. त्यांच्या रांगेत एकदाही उभा राहिलो नाही. आणि 'इथून का चढत नाहीस?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

तुम्ही चार लोकांत 'हे माझे वडील' असं शेवटचं कधी म्हणालात?