देवीसमोर पसरलेले पाय

बाळंतपण सुखरूप झालं, लेक झाली, तरी माझं मन देवावरून उठलं होतं. घरात पेढे वाटणं चाललेलं आणि मी डाव्या पायाच्या ठणक्यानं हैराण. पोटरी टम्म फुगलेली, हात लावला तर गरम. गारखेड्याला माहेरी होते. आई म्हणायची, "बाळंतिणीचं अंग सुजतंच गं. पडून ऱ्हा, उद्या तेल लावून चोळून देते." एवढी पूजाअर्चा करणारी माझी आई आणि तिची देवी मला साधी झोप देत नाही, याचाच मला राग यायचा.

पाचवीला सटवाईची पूजा मांडली. पाटा-वरवंट्याला हळदकुंकू वाहिलं. देवी येऊन लेकीच्या कपाळी नशीब लिहिणार, म्हणून आई नुसती लगबगीत. बाळाला घेऊन मला मांडी घालून बसायचं होतं, पण डावा गुडघा वाकेचना. शेवटी वैतागून मी दोन्ही पाय देवीकडंच पसरले. "अगं, देवीकडं पाय करत्यात व्हय?" आई बायकांसमोर ओरडली आणि माझा गाऊन खाली ओढायला वाकली. लाजेनं माझे डोळे भरून आले.

"ठैरो, ढाँको नक्को." शेजारच्या शबानाची आई शहागंजहून लेकीकडं आल्या होत्या, त्या बाळाला टोपडं द्यायला दारात उभ्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्या सरळ माझ्या पायांशी येऊन बसल्या. "एकीच पाँव सूजा है, बेटी. मेरी बहन का ऐसाच था. हम लोगां रगड़ते रहे, वो गुज़र गई." मग आईचा हात धरून म्हणाल्या, "चोळू नका ताई. आत्ताच दवाखान्यात न्या."

पूजा अर्धी टाकून आम्ही निघालो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. डॉक्टरांनी समजावलं की गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, आणि बाळंतपणात फार वाहून जाऊ नये म्हणून ते लवकर गोठायलाही लागतं. ते पुन्हा पहिल्यासारखं व्हायला काही आठवडे जातात. त्यात मी नुसती पडून. चोळताना गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं.

इंजेक्शनं घेऊन मी बरी झाले. त्या खालांना, म्हणजे शबानाच्या आईला, देवीनं पाठवलं की त्या सहज आल्या, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्यांचे उपकार मात्र जन्मभर फिटायचे नाहीत. नीट मांडी घालून, सगळं झाकून बसता आलं असतं, तर माझा पाय कुणालाच दिसला नसता. आता देवीसमोर बसले की मी काही झाकत नाही, ना दुखणं, ना राग. जे आहे ते तिच्यापुढं ठेवते.

देवघराकडं पाय केले की आई अजूनही माझ्या लेकीला रागावते. मी केले तर मात्र जवळ येऊन बसते आणि माझ्या दोन्ही पोटऱ्या हळूच चाचपून बघते.