दहा दिवसांची सक्तीची रजा

सव्वीस वर्षं मी निपाणीत कॅशियरच्या काचेमागं बसलोय. तंबाखूवाल्यांची पतसंस्था होती तेव्हापासून. पुढं तिची बँक झाली, संकेश्वरला शाखा निघाली, बेळगावात एसीवाली निघाली. बँक वाढत गेली तसे वरून नियमही उतरायला लागले. त्यातला एक नेमका माझ्या डोक्यावर आदळला.

त्या सोमवारी शटर उघडलं आणि आमच्या मॅनेजर बाईंनी, माझ्या लेकीच्या वयाच्या असतील, हातात कागद ठेवला.

"आप्पा, आजपासून दहा दिवस सक्तीची रजा. आधी सांगायचं नाही असाच नियम आहे. तोवर बँकेत पाऊल टाकायचं नाही. तुमचं काम दुसरा माणूस बघेल, तपासेल."

"पण मी काय केलंय?"

"काहीच नाही. कॅशवर बसणाऱ्या सगळ्यांनाच देतात."

आता हे गावाला कसं समजवायचं, तुम्हीच सांगा! जेवणाचा डबा काखेत मारून मी भर सकाळी घराकडं निघालो. वाटेत पानवाल्यानं हटकलं. खरं ते सांगितलं, "पगारी रजा हाय रं, घरात बसायचं म्हणून हुकूम झालाय." तो "व्हय व्हय" म्हणाला आणि खाली मान घालून पानाला चुना लावत बसला.

दुपारपर्यंत गल्लीच्या हिशेबानं मी दोन लाख खाल्ले होते. तिन्हीसांजेला त्याचे सात झाले. दुसऱ्या दिवशी शेजारचे अण्णा आले आणि मयताच्या घरी बसतात तसे खुर्चीच्या टोकावर बसले.

"वकील हाय न्हवं वळखीचा?"

"अवो अण्णा, रजा हाय!"

"असू दे, असू दे. मी कुणाला बोलत न्हाय." चपला घालता घालता हळूच म्हणाले, "माझी ठेव तेवढी सुरक्षित हाय न्हवं?"

माझं डोकंच सणकलं. दारात उभा राहून ओरडलो, "एका रुपयाला हात लावलेला न्हाय मी!" समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. झालं, आता तर सगळ्यांची खात्रीच पटली. सव्वीस वर्षांचं नाव पार मातीत गेलं, आणि तेही काही न करता.

या सगळ्यात बायको मात्र अवाक्षर बोलली नव्हती. मला तेवढाच आधार वाटत होता. पाचव्या दिवशी सकाळी तिनं चहाच्या कपाशेजारी फडक्यातली पुरचुंडी ठेवली.

"किती घेतलं ते बी इचारत न्हाय मी. संकेश्वरच्या सोनाराकडं जावा, हितं नको. भरून टाका आणि मोकळं व्हा."

पुरचुंडीत तिच्या पाटल्या होत्या. ओरडायला तोंड उघडलं आणि तिच्या हातांकडं लक्ष गेलं. लग्नापासून न उतरलेल्या पाटल्या, साबण लावून ओढून काढल्या होत्या. दोन्ही मनगटं सोलून लाल झालेली.

देवाशप्पथ सांगतो, त्या घडीला मला वाटलं, खरंच थोडे खाल्ले असते तर बरं झालं असतं. तिनं एवढं सोसलं, ते वाया तरी गेलं नसतं.