मुळीचं नाव

यातलं किती घडलं आणि किती मी सांगता सांगता वाढवलं, याची खात्री आता मला देता येत नाही. पण सत्तरच्या आसपास आमच्या धुळ्याच्या कॉलेजात सापाच्या मुळीचा विषय निघाला, की एका किश्शाला दुसरा चिकटायचाच.

*

केमिस्ट्रीचे विभागप्रमुख नाना, आणि मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. सोनगीरच्या आबांकडे सर्पदंशावरची मुळी होती. ती ते वाटूनच आणायचे, झाड ओळखता येऊ नये म्हणून.

"आबा, नावाशिवाय पेपर कोण छापेल?"

"नाव सांगं का गुण जास, नाना."

नाव सांगितलं की मुळीचा गुण जातो, हा त्यांच्या घराण्याचा नियमच होता.

*

पहिला प्रयोग! नागाचं विष आणि मुळीचा अर्क परीक्षानळीत कालवून उंदरांना टोचला. सगळे जिवंत! नाना धावत गणिताच्या तासात शिरले आणि बातमी सांगितली.

गणिताचे सर म्हणाले, "अभिनंदन. पण चावायच्या आधी नागाच्या विषात मुळी कालवणार कोण?"

*

मग विष आधी टोचलं, अर्क मागून. उंदीर मेले. आबांनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं.

"उंदीरसना इश्वास नही ना. मंग गुण कसा येई?"

नानांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. झाड कळलं तर त्यातलं शुद्ध द्रव्य काढता येईल, ते मागूनही लागू पडेल, अशी त्यांची आशा. सगळं नावापाशी अडलेलं.

*

शेवटी नाना मला घेऊन सोनगीरच्या किल्ल्यावर झाड शोधायला निघाले. आबाही मागोमाग, तोंड घट्ट मिटून. नानांनी एक दगड हलवला आणि नाग त्यांच्या पोटरीला डसला.

"आबा, मुळी!"

"देस. पहिले गाडीमा बस."

आम्ही नानांना खाली हायवेवर आणलं आणि आबांनी ट्रक थांबवला. वाटेत नानांच्या पापण्या मिटायला लागल्या.

"आबा, आता तरी नाव सांगा. मेलो तर मी कुणाला सांगणार आहे?"

आबा नानांच्या कानाशी वाकले. ट्रकच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

सिव्हिलमध्ये लस मिळाली, नाना वाचले. शुद्धीवर आले आणि नाव आठवेना! पुन्हा विचारलं, तर आबा म्हणाले, "सांगं ना एकदाव."

पुढे कित्येक वर्षांनी सोनगीरला जाऊन मी आबांच्या मुलाकडून एका गोष्टीची मात्र खात्री करून घेतली. त्या दिवसानंतर आबांनी ती मुळी कुणालाच दिली नाही. गुण गेला, म्हणायचे. साप चावलेलं माणूस दारी आलं की त्याला हायवेवर न्यायचे, ट्रक थांबवायचे आणि सिव्हिलपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचे.