मी केलेली चेष्टा

मी आयुष्यात एकदाच आदर्श पती झालो होतो. सुमारे दहा मिनिटं.

झालं असं, की देवासच्या एका वाचनालयानं बाहेरून इथे येऊन राहिलेल्या लिहिणाऱ्यांचं प्रदर्शन भरवलं. फलकावर एका बाजूला मूळ भाषेतला मजकूर, शेजारी त्याची हिंदी. केरळातून आलेली एक नर्स होती, नर्मदेच्या धरणात बुडालेल्या आपल्या निसरपूर गावावर निमाडीत लिहिणारे एक गुरुजी होते, आणि लग्न करून कराडहून आलेली आमची सुनंदा! बावीस वर्षं ही बाई वाणसामानाच्या याद्यांमागे (पुढून तूरडाळ, मागून साहित्य) लिहीत होती आणि मला पत्ता नव्हता!

"हिंदी मीच करते," सुनंदा म्हणाली.

"तू? अगं, लोग हंसेंगे! हिंदी माझ्यावर सोड."

(माझी सगळी शाळा हिंदीत झाली. मराठी मी बोलतो फर्डं. वाचताना मात्र ओळखीच्या शब्दांचा हात धरून चालतो.)

मजकूर छोटासाच होता. 'पहिली तीन वर्षं ह्यांनी माझ्या हिंदीची फार चेष्टा केली. मी बोलणंच सोडलं. मग लिहू लागले.'

माझा ऊर भरून आला. चेष्टा! म्हणजे हिंदीत प्रयत्न! बायकोनं माझे कष्ट जगजाहीर केले! कोणते कष्ट, ते मात्र काही केल्या आठवेना. आठवत होतं एवढंच, की तिनं एकदा दूधवाल्याला "भिया, कल का दूध नाश हो गया" म्हटलं होतं आणि तो किस्सा मी धारपासून मनावर गावापर्यंत प्रत्येक लग्नात साभिनय सांगितला होता. तरी मोठ्या मनानं मी लिहिलं, 'पति ने मेरी हिंदी के लिए बहुत चेष्टा की.' मधलं 'बोलणंच सोडलं' त्यात बसेना, ते गाळलं आणि तिला न दाखवता परस्पर पाठवून दिलं.

उद्घाटनाला फलकासमोर ही गर्दी! सुनंदा दाराशी पाहुण्यांना फुलं देत होती, म्हणून कौतुक झेलायला मी एकटाच.

"भिया, पति हो तो ऐसा!" म्हणत संयोजकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली.

"अजी, मेरा तो कर्तव्य था," मी मान खाली घालून म्हणालो. निर्लज्जपणाला सीमा नसते!

तेवढ्यात धारचे आमचे आप्पामामा फलकाला नाक लावून दोन्ही बाजू वाचायला लागले. मामांची मराठी जुनी, खणखणीत. आवाज तर त्याहून.

"चंद्या! इथे लिहिलंय तू हिची टिंगल केलीस, अन् तिथे लिहिलंय तू हिला शिकवलंस! खरं काय?"

आवाज दारापर्यंत गेला. सुनंदा आली. तिनं हिंदी वाचली आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो, बावीस वर्षांत एकदा मोठ्यानं बोलले मी," ती हळूच म्हणाली. "तेही तुम्ही बदललंत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई रडली नाही. तिनं सरळ माईक धरला आणि हिंदीतच बोलायला लागली. चेष्टेचे दोन अर्थ सांगितले, दूध नासल्याचं सांगितलं, आपण गप्प का झालो तेही सांगितलं. लोक पोट धरधरून हसले आणि पुढच्याच वाक्याला डोळे पुसायला लागले. ती केरळची नर्स तर उठून उभीच राहिली. "मेरे साथ भी यही हुआ, दीदी!" तो किस्सा शंभर वेळा सांगूनही मला असा एकदासुद्धा जमला नव्हता. खरं सांगतो, मला माझ्या बायकोचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी शाल काढून मुकाट्यानं तिच्या खांद्यावर घातली.

तिनं माझ्या हातात पेन दिलं. "आता शुद्धिपत्र लिहा. स्वतःच्या हातानं."

अशा रीतीनं त्या प्रदर्शनात माझाही मजकूर लागला: 'उपरोक्त पति ने कोइ प्रयास नहीं किया.'

सुनंदानं तो शांतपणे वाचला, पेन परत घेतलं आणि म्हणाली, "'कोई'ची ई दीर्घ असते हो!"