आधी चपला काढ

पतंगवाले चाचा खेळण्यातलं विमान हातात घेण्याआधी माणसाला चपला काढायला लावत. विमान जिथे उतरणार ती जमीन अनवाणी चालून यायची, मगच त्याला पाय कसले लावायचे ते ठरवायचं, हा त्यांचा कायदा.

लढाई नुकतीच संपली होती. नगरच्या छावणीतले गोरे सोल्जर रबराच्या पिळावर उडणारी छोटी विमानं माळावर सोडत. ती पाहून चाचाही कामट्या आणि पतंगी कागद घेऊन तशी करू लागले. माझं भंगाराचं दुकान त्यांच्यासमोरच. पोरवयापासून राबून खाल्लेलं, खेळणं असं हाती कधी आलंच नव्हतं. मी सगळा पावसाळा खपून माझं पहिलं विमान केलं. एका सोल्जरशी तासभर घासाघीस करून विमानासाठी तीन रबरी चाकं मिळवली.

चाचांनी ती बोटांत फिरवली. "पुडचं चाक ढेकळात अडकलं की तुजं इमान कोलांटी मारनार."

"मग पुढं दोनच लावू. शेपटीखाली टेकू देऊ."

"माळ चालून आलास का?"

"मी काय मेंढरू हाय, माळ तुडवायला?"

"मेंढराला अक्कल हाय, शेट. ते बघून पाय टाकतंय."

मी ईर्ष्येने तिन्ही चाकं बसवली आणि रविवारी सगळा बाजार माळावर बोलावला. आपटलं असतं तर पावसाळाभराची मेहनत गेली असती, आणि जन्मभराचं हसं झालं असतं ते वेगळंच. चाचांनी विमान माझ्या हातून हिसकावून घेतलं, पक्कडीने चाकांच्या तारा कापल्या, चाकं खिशात टाकली आणि पोटाखाली घसरायला एक वाकवलेली कामटी बांधली. चारचौघांत! मी ओरडलो, "चाचा, हात तोडीन!"

"आदी उडू दे, मग तोड," म्हणत त्यांनी ते हवेत सोडलंसुद्धा.

विमान वाऱ्यावर लांब गेलं. मी मागे धावलो. एक चप्पल निसटली, मग दुसरी. सराटे टोचत होते, ढेकळांवर पाय मुरगळत होते. चाक फिरेल अशी वीतभर जमीन तिथे नव्हती. पुढे धोंड्यांमधल्या गवतात विमान पोटावर घसरत जाऊन थांबलं होतं. कागदाला चीरसुद्धा नव्हती. मी त्याच्याशेजारी बसलो. हसू आवरेना.

मागून चाचा माझ्या चपला घेऊन आले. "बोल शेट, कुठली चाकं लावू?"

"ती माझी परत द्या."

"ती माज्या शिकवनीची फी."

पुढे कितीदा भांडलो, पण शेवटपर्यंत दिली नाहीत. चाचा गेले, तो राग मात्र मी अजून सोडलेला नाही.

परवा या नादाला नव्याने लागलेला एक कारकून तीन चाकांचं विमान घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आला. मी त्याला बूट काढायला लावून माळावर पिटाळलं. लंगडत परत आला तेव्हा चाकं माझ्या खिशात होती. त्याने आवाज चढवून ती मागितली. फार दिवसांनी मला बरं वाटलं.