आईसाठी सोडलेली जागा

भांडुपच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत दाराशेजारच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. दुपारी दार लावून घेतलं की त्या भोकातून उजेड आत यायचा आणि समोरच्या भिंतीवर बाहेरची गल्ली उलटी उतरायची. पाय वर, डोकं खाली. हंडा घेतलेली बाई भिंतीवरून तरंगत जायची, तिच्यामागून एखादी कोंबडी. सगळं पुसट, पाण्यात बघितल्यासारखं. मी फरशीवर पडून ते बघत राहायचे आणि बघता बघता झोपून जायचे. पुढे कॅमेरा हातात आला तेव्हा त्याचं फार नवल वाटलं नाही. मी कॅमेऱ्याच्या आतच वाढले होते.

बाबा छापखान्यात कामाला होते. वस्तीच्या समितीची पत्रकं ते उरलेल्या कागदावर छापून आणत. गुलाबी, पिवळी, कधी पोपटी. मी अक्षरं त्यांवरच शिकले. ‘बंधू-भगिनींनो’ हा मला वाचता आलेला पहिला शब्द, ‘पाणी’ हा दुसरा. खिडकीची काच फुटली तेव्हा बाबांनी तिथे गुलाबी पत्रकं चिकटवली. मग रोज संध्याकाळी आमची खोली गुलाबी होई. आईच्या परातीतलं पीठसुद्धा.

घरात तिघांचा म्हणावा असा एकच फोटो होता, आणि त्यात आई नव्हती. तो सर्व्हेचा फोटो. फोटोपास मिळाला तरच झोपडी सरकारदरबारी खरी, म्हणून सर्व्हेवाले आले की घरातल्या सगळ्यांनी दारासमोर उभं राहायचं, हातात पाटी धरायची आणि मागे दारावरचा नंबर दिसेल असं बघायचं. फोटोत डावीकडे मी आहे, पाटी माझ्या हनुवटीपर्यंत आलेली. मध्ये बाबा. बाबांच्या पलीकडे, चौकटीपर्यंत, एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे आणि बाबांचा हात तिथे कुणाच्या तरी खांद्यामागे ठेवल्यासारखा किंचित लांब धरलेला आहे.

“मध्ये या ना, सरका,” सर्व्हेवाला म्हणाला होता.

“तिथे आमची मंडळी आहे,” बाबा म्हणाले.

“कुठे आहे?”

“कामावर.”

आई मुलुंडला पोळ्यांच्या कामाला जायची. उजाडताना डोंगर उतरायची, दिवेलागणीनंतर चढायची. सर्व्हे नेहमी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळीच येतो. राबणारी बाई त्या वेळी घरात सापडत नाही, आणि घरात सापडत नाही म्हणून ती घराच्या फोटोत येत नाही. मला हे आजही पत्रकाच्या मथळ्याला टाकावंसं वाटतं, आणि दोनदा मी टाकलंही आहे.

भांडण झालं की बाबा म्हणायचे, “तू गप. तू फोटोतच नाहीस.”

“फोटोत नाही म्हणून तर पोळी मिळतेय तुम्हाला,” आई म्हणायची. दोघंही हसायची. पण फोटोची काच पुसताना तिचा पदर त्या मोकळ्या जागेवर रेंगाळायचा, हे मी पाहत होते.

समितीच्या पत्रकांसाठी फोटो काढता काढता मी फोटोग्राफर झाले. मग एका साप्ताहिकासाठी काम करू लागले. घाटकोपरची टेकडी, गोवंडी, पुन्हा आमचाच डोंगर. कुठेही गेले तरी कॅमेरा दिसला की आत हाक जायची, माणसं केस विंचरत बाहेर यायची आणि दारासमोर ताठ उभी राहायची. नंबर झाकला गेला तर शेजारीण ओरडायची, “ए, सरक ना, नंबर खातोयस.”

अंधेरीच्या ऑफिसातला आमचा संपादक ते फोटो बघून वैतागला. “शाळेचा ग्रुप फोटो आणलायस का? नैसर्गिक आण, यार. चूल, धूर, रडणारं पोर.”

“दारासमोर ताठ उभं राहणं हेच आमचं नैसर्गिक आहे,” मी म्हटलं. “आम्ही इथे आहोत, हे सांगायला दुसरी पोझ आम्हाला कुणी शिकवलेली नाही.”

त्याने फोटो परत दिले. मी तसेच काढत राहिले. फक्त उभं करण्याआधी विचारू लागले, “घरातलं कोण कामावर गेलंय?” आणि त्या माणसाची जागा मोकळी सोडायला सांगायचे. गोवंडीच्या एका काकू म्हणाल्या, “ह्यांची जरा मोठी सोड गं, पोट आहे त्यांना.” रात्री ते फोटो बघत बसलं की वाटायचं, या जागा रिकाम्या नाहीत. माणूस आत्ता पाणी प्यायला आत गेलंय, येईलच.

मधल्या काळात बाबा गेले. मग आमची रांग पुनर्विकासात निघाली. सामान बांधून झालं त्या संध्याकाळी, गुलाबी उजेडात बसून, आई एकदम म्हणाली, “उद्या दार काढायच्या आधी माझा फोटो काढ. तिथेच. दिवसाउजेडी, नंबर दिसला पाहिजे.”

इतक्या वर्षांत मी विचारलं की ती हात झटकायची. आज ती मागत होती.

“मग उद्या सुट्टी घे.”

“पहिलं घर उरकून येते. पाहुणे आहेत त्यांच्याकडे.”

सकाळी भंगारवाला आईच्या आधी आला. रांगेतली दारं, पत्रे, सगळं त्यानेच विकत घेतलं होतं. मी स्टँड लावत होते तोवर त्याने आमच्या दाराच्या बिजागऱ्या काढल्यासुद्धा.

“अरे, थांब. माझी आई येतेय. तिला या दारासमोर उभं राहायचंय.”

“दार कुठे पळतंय, ताई? टेम्पो पळतोय माझा.”

“थोडा वेळ दे. ती आयुष्यभर या दारातून बाहेरच गेलीये रे.”

तो दार पाठीवर घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग चौकटीकडे. “परत लावून देऊ? खिळे नाहीत. आतून धरून उभा राहतो.” तो आत गेला, दार चौकटीत बसवलं आणि दिसेनासा झाला. गल्लीत बाकी कुणी नव्हतं. उघड्या खोल्यांतून धुकं आरपार जात होतं. मी फोन लावत राहिले, आई उचलत नव्हती.

“ताई, हात भरून आले,” दार म्हणालं.

मग पायऱ्यांवर ती दिसली. कोपरापर्यंत पीठ, धाप लागलेली.

“केस तरी विंचर.”

“विंचरलेत. मुलुंडच्या आरशात.”

ती थेट चौकटीजवळच्या त्या जागेवर जाऊन उभी राहिली, जणू तिथे पाय रंगवून ठेवले होते. मी कॅमेऱ्यातून बघितलं. “आई, मध्ये ये ना.”

“मध्ये कशी येऊ? तू ये, तुझ्या जागेवर उभी राहा.”

मी टायमर लावला आणि डावीकडे धावले. बाबांच्या जागेपलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. खटका वाजला. लगेच दार हललं आणि भंगारवाला ते घेऊन निघाला.

आता आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावलेत. नव्या फोटोत दाराच्या कडेला चार बोटं दिसतात, आणि आईचे डोळे मिटलेले आहेत.

“तुझे डोळे मिटलेत,” फोटो लावताना मी म्हटलं. “आता परत काढता येणार नाही.”

तिने पदराने काच पुसली, आधी स्वतःवरून, मग मधल्या जागेवरून, सावकाश.

“सर्व्हेवाला डोळे बघतो का?” ती म्हणाली. “नंबर दिसतोय?”

“दिसतोय.”

“मग झालं,” म्हणत ती कणीक मळायला बसली.